पांढरीवरचं एक घर

मंडळी, विदर्भात पुरातत्त्व म्हटलं की पवनार, कौंडिण्यपूर, नाहीतर जुनापाणीची शिळावर्तुळं. आज त्यातलं काहीच दाखवणार नाही. आर्वीकडं एका वावरात मोडून पडलेलं एकुलतं घर आहे, गोठा-विहिरीसकट. तेवढ्यावरच बोलतो.

वावराच्या मालकानंच मला नेलं. म्हणाला, "सर, या तुकड्यात पऱ्हाटी लय जोरात येते जी. खत टाका, नका टाकू." पऱ्हाटी म्हणजे कपाशी. बाकी वावर काळंभोर, मधे राखाडी-पांढुरका पट्टा. गावठाणाला आपण पांढरी म्हणतो ते उगाच नाही. मातीच्या भिंती पडल्या की पावसापावसानं विरघळतात. चुलीची राख, शेण, भुसा त्यातच मुरतं. पऱ्हाटी सगळ्यात उंच होती तिथं थोडं खरवडलं, तर गव्हाणीचे दगड ओळीनं लागले. या कसामुळंच पांढरीचा घातही होतो. कितीतरी जुन्या गढ्यांची माती बैलबंड्या भरभरून वावरांत गेली. आता ट्रॉलीनं जाते.

घराच्या मधोमध मात्र पुरुषभर खड्डा. गुप्तधनवाल्यांचा! दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा, असं १८७८ चा कायदा सांगतो. यांना कळवण्याजोगं काही मिळालं नसावं. त्या घरचं धन चार हात पलीकडं पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात असायचं, ज्वारीच्या रूपात. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून लिंपलेलं. "पेव फुटलं" असं आपण उठता-बसता म्हणतो. खरं पेव कोणी पाहिलंय, हात वर करा बरं. तीन. ठीक.

घर केव्हाचं? इथं काळी माती फसवते. उन्हाळ्यात तिच्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. वरची वस्तू त्या भेगेतून खाली जाते, पाऊस पडला की भेग मिटते. मला जुन्या खापरांच्या खाली पाव आण्याचं नाणं मिळालं. त्याच्या भरवशावर राहिलो असतो तर खापरंही इंग्रजांच्या काळातली ठरवून बसलो असतो! म्हणून मी पडलेल्या छपराकडं वळलो. सगळीकडं देशी कवेलू, एका कोपऱ्यात मात्र कारखान्यातल्या चपट्या कौलांचे तुकडे. बासेल मिशननं मंगलोरला अशा कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. म्हणजे त्यानंतरही कोणीतरी हे छप्पर डागडुजी करत होतं.

आणि ही माणसं पळून गेली नाहीत. उंबरठ्याचा दगड जागेवर, पण चौकट नाही. जातं नाही, उखळ नाही. बिऱ्हाड सावकाश हलवलंय.

शेवटी विहीर. मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी वर काढायची चामड्याची पिशवी. काठाच्या दगडावर तिच्या नाड्यानं, म्हणजे दोरानं पाडलेले दोन खोल घळ, माझं मधलं बोट सहज बसतं. दोन घळ म्हणजे दोन मोटा, दोन बैलजोड्या; बरं खातंपितं घर. शेजारी थारोळ्याचे, म्हणजे मोट जिथं रिकामी होते त्या हौदाचे दगड, आणि तिथून उतरत गेलेली धाव. बैल धावेवरून जितके खाली जातात, मोट तितकीच वर येते. त्यामुळं धाव मोजली की तेव्हाचं पाणी किती खोल होतं, त्याचा अंदाज येतो. मी पावलांनी मोजली, बारा भरली. विहिरीत डोकावलो, तर तळाला बाभळीचं झाड.

मालक हसला. त्या उताराला तो इतकी वर्षं बंडी उतरवायची वाट समजत होता.