तिथीची पाऊणपट आणि आमची घरगाडी

नमस्कार श्रोतेहो. सोलापूरच्या माणसानं समुद्रावर बोलायचं म्हणजे जरा वेगळंच वाटेल तुम्हाला. आपल्याकडं पडलेला पाऊस सीनेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि तिथून थेट बंगालच्या उपसागराला जातो, म्हणजे आपलं पाणीसुद्धा कोकणाकडं पाठ फिरवून वाहतं. पण मागच्या थंडीत मी, बायको आणि माझी 71 वर्षांची आई असे तिघं नऊ दिवस कोकणच्या किनाऱ्यानं फिरलो, आणि मुक्काम सगळे गाडीतच. त्याबद्दल आज बोलणार आहे.

गाडी म्हणजे माझी जुनी ट्रॅव्हलर. अकरा वर्षं ती तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर अशा देवदर्शनाच्या फेऱ्या मारायची. आता तिच्यात दोन बाकं आहेत, रात्री फळ्या जोडल्या की पलंग होतो, एक ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि मागं पडदा लावून छोटा संडास. हा संडास आईसाठी केला. तिचे गुडघे गेलेत, प्रवासाचं नाव काढलं की तिचा पहिला प्रश्न जायचं कुठं हाच असायचा आणि त्या एका प्रश्नापायी ती वीस वर्षं लांबच्या गावाला निघालीच नव्हती. आपल्या घराघरात अशा किती बायका आहेत ज्या नुसत्या या कारणानं घरी बसतात, याचा विचार करा जरा.

ज्यांना गाडी अशी करून घ्यायचीय त्यांच्यासाठी कायद्याचं आधी सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत परस्पर बदल करता येत नाही, म्हणून सीटा काढायच्या, छत वाढवायचं असलं काही करायच्या आधी आरटीओत जाऊन लेखी परवानगी घ्या आणि काम झालं की आरसी बुकावर नोंद करून घ्या. विम्यालाही तेच लागतं. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय आणि भाड्यानंही अशा गाड्या मिळतात, तेव्हा पहिली ट्रिप भाड्याच्या गाडीनं करून बघितली तरी चालेल.

विजेचं गणित सोपंय. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज, त्यात एक पंखा, दिवे, मोबाईल आणि छोटा फ्रीज रात्रभर निघतो, एसी नाही निघत. छतावर 200 वॉटचं सोलर पॅनल आहे, आपल्या उन्हात ते मस्त चालतं, पण कोकणात गाडी माडाच्या सावलीला लावली की चार्जिंग जवळजवळ बंद. सावली हवी की वीज हवी हे रोज सकाळी ठरवावं लागायचं. आणि गॅसची छोटी टाकी नेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्यामुळं टाकीच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजेच. आम्ही तर स्वयंपाक जमेल तिथं गाडीबाहेरच केला.

निघालो ते मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर असं करत आंबा घाटाच्या तोंडाशी. भरलेली उंच गाडी घाटात उतरवताना नुसत्या ब्रेकवर ठेवू नका, ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, मागचे हॉर्न वाजवू देत. साखरपा आलं आणि आई म्हणाली अरे माती लाल झाली की. हे मला फार आवडलं, कारण खरी गंमत तिथंच आहे. आपल्या भुईकोट किल्ल्याचा तो काळा बेसाल्ट आणि कोकणातला तांबडा भोकाभोकाचा जांभा, दोन्ही एकाच घराण्यातले. आपल्याकडं वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रत्नागिरीला 3000 च्या वर, आणि लाखो वर्षांच्या त्या पावसानं दगडातलं बाकीचं धुऊन नेलं, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढं मागं राहिलं, तो जांभा. त्याचेच चिरे काढून तिकडं घरं बांधतात.

आता मुख्य गोष्ट. शाळेत आपण शिकलो ना, कोकणचा किनारा दंतुर आहे. तेव्हा पाठ केलं आणि सोडून दिलं. दंतुर म्हणजे काय ते जयगडच्या जेट्टीवर कळतं. गणपतीपुळ्यात संकष्टीला पहाटे दर्शन घेतलं आणि आईला त्याच दिवशी गुहागरचा व्याडेश्वर करायचा होता. नकाशावर बोटभर अंतर, पण मध्ये शास्त्री नदीची खाडी. फेरीबोट जयगडहून पलीकडं तवसाळला जाते, गाड्यांसकट. आम्ही साडेनऊला जेट्टीवर पोचलो तर तिथला एक म्हातारा दर्यावर्दी गाडीभोवती फिरला, मागचा भाग वाकून बघितला आणि म्हणाला, दादा, गाडी लांब आहे तुमची, पाणी वर येऊ दे, आत्ता चढवलीत तर शेपूट घासेल. सुक्या ओहोटीला बोट खाली गेलेली असते, जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांचा कोन पडतो आणि मागं लांब असलेली गाडी बरोबर तिथं टेकते.

मग किती वाजता येऊ विचारलं तर त्यानं घड्याळ बघितलं नाही, मोबाईल बघितला नाही. आजची तिथी काय, त्यानं आईला विचारलं. चतुर्थी. मग चाराची पाऊणपट किती, तीन. तीन वाजता भरती पुरी, त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे नऊला, बारापर्यंत पाणी निम्म्यावर येईल तेव्हा या. एवढं साधं. तिथीला पाऊणनं गुणायचं की भरतीची वेळ, पंधरवडा बदलला की परत एकपासून मोजायचं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्याचाच हा हिशोब आहे, मिनिटाला मिनिट जुळत नाही पण गाडी लावायला, वाळूत पाय ठेवायला पुरेसा आहे. पुनवेला-अवसेला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास कमी हलतं त्याला भांग म्हणतात. मी आपला अ‍ॅप डाऊनलोड करून गेलो होतो आणि जेट्टीवर रेंजच नव्हती.

ते अडीच तास आम्ही जेट्टीवरच काढले. आईनं बाकावर पाय लांब करून डुलकी काढली, बायकोनं उपासाची भगर टाकली, मी खाडी चढताना बघत बसलो. पायरीवरची एक शेवाळलेली रेघ होती, ती आधी हातभर वर होती, मग वीतभर, मग गेली. पाणी वाढताना आवाज नाही, लाट नाही. हॉटेल बुक केलेलं असतं तर मी त्या वेळात दहा फोन केले असते आणि सगळ्यांवर चिडलो असतो. घर बरोबर होतं म्हणून थांबता आलं. रात्री चंद्रोदयाला आईनं गुहागरला गाडीच्या पायरीवर बसून उपास सोडला.

परत आलो आणि आरे-वारेच्या चढावरून खाली समुद्र बघत रत्नागिरीमार्गे दक्षिणेला, भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी. नऊ दिवसात किनाऱ्याकिनाऱ्यानं फार लांब गेलो नाही आणि जायचंही नव्हतं.

गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, थंडीत. तिथं आम्ही गाडी किनाऱ्यापासून लांब, सुरुच्या बनाच्या अलीकडं आणि रस्त्याच्या बाजूला लावली आणि बाहेरचा दिवा लावलाच नाही. पिल्लं वाळूतून वर येतात ती उजेडाकडं जातात, अंधारात समुद्रच थोडा उजळ दिसतो म्हणून ती समुद्राकडं जातात, आपण हेडलाईट लावून बसलो तर ती आपल्याकडं येतील आणि मरतील. कृपा करून एवढं पाळा. गाडी वाळूत घालायची नाहीच, आणि हे मी भोगून सांगतोय. एका गावात वळवायला जागा नव्हती म्हणून पुळणीच्या कडेला घट्ट दिसणाऱ्या पट्ट्यावर मागचं चाक घातलं आणि ते अर्धं रुतलं, वर भरती दोन तासांवर. रेस केलं की अजून खाली. वाडीतली चार पोरं आली, टायरची हवा जवळजवळ निम्मी उतरवली, चाकापुढं माडाच्या झावळ्या आडव्या टाकल्या आणि हळूच पहिल्या गिअरला काढ म्हणाले, निघाली. पैसे कुणी घेतले नाहीत. आमच्या डब्यातल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी तेवढी घेतली, आणि तासाभरानं त्यातल्या एकाची आजी कुळथाच्या पिठाची पुडी घेऊन आली, वर पिठी कशी करायची ते बायकोला नीट समजावून गेली.

त्या आजीच्या अंगणातली विहीर आईनं बघितली. समुद्र हाकेच्या अंतरावर, लाटांचा आवाज येतोय आणि पोहरा फार खाली सोडावाही लागत नाही. आईनं ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, परत घेतलं. गोड. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्याच्या वर तरंगून राहतं, उपसा बेताचा असला तर गोडंच राहतं, जास्त उपसलं की खारं वर येतं. मालवणच्या सिंधुदुर्गात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातली बाई, तिला समुद्रापेक्षा त्या विहिरीचंच जास्त कौतुक, आणि मला ते अगदी पटलं. आम्ही टाकीत चाळीसच लिटर भरून घेतलं. शंभर भरा म्हणत होत्या त्या, पण उन्हाळ्यात त्यांनाही पुरायला पाहिजे.

पुढं कशेळीच्या सड्यावर कातळशिल्पं बघितली. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, झाड नाही, सावली नाही, गाडी रस्त्यालाच ठेवून सकाळी लवकर चालत जायचं. तिथं कातळात कोरलेला हत्ती आहे जवळजवळ 18 मीटर लांबीचा आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, सोंड कुठं आणि पाय कुठं कळत नाही, फिरत फिरत जुळवावं लागतं. कुणी केला ते नक्की सांगता येत नाही. ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत. चपला घालून रेघांवर चालू नका.

आंबोळगडला शेवटचा मुक्काम करून परतलो. कोल्हापुरात आल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्यानं धुतली, खारी हवा पत्रा खाते, आठ दिवसात बिजागऱ्यांवर तांबूस पूड दिसायला लागली होती. पावसाळ्यात जाऊ नका, मे महिन्यात आत झोपवत नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

आई आता सकाळी चहा घेताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघते, बोटं मोजते आणि मला आतून हाक मारते, अरे, आज षष्ठी, साडेचारला भरती, जेट्टीवर गाड्या चढत असतील. नमस्कार.