पोवळं जागचं हलत नाही

[पडद्यावर: तळहातावर एक करडा गोटा. वरून पाण्याचा थेंब पडतो.]

कोरडा असताना या दगडाकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. गुळगुळीत, राखेच्या रंगाचा, पाण्याच्या काठी शेकड्यांनी मिळतो तसला. आता तो ओला होतोय. पाणी जिथे जिथे पसरतंय, तिथे षटकोनी घरं उमटताहेत. एकाला एक चिकटलेली, मधाच्या पोळ्यासारखी. प्रत्येक घराच्या मधोमध एक गडद ठिपका आणि ठिपक्यापासून कडेपर्यंत केसाएवढ्या बारीक रेघा.

ठिपका आहे तिथे कधीकाळी एका प्राण्याचं तोंड होतं. रेघा म्हणजे त्याच्या सांगाड्यातले उभे पडदे. दगड वाळला की हे सगळं पुन्हा दिसेनासं होतं.

हा पेटॉस्की दगड. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं १९६५ साली याला आपला राज्य-दगड म्हणून जाहीर केलं. आत आहे ते हेक्सागोनारिया नावाचं प्रवाळ, म्हणजे पोवळं. वय सुमारे ३८ कोटी वर्षं. सापडतो तो मोठ्या सरोवरांच्या काठी, जिथे हिवाळ्यात पाण्याला बर्फ धरतं आणि खरा समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे.

हे गोटे हिमनद्यांनी इकडेतिकडे लोटले, हे खरं. पण ज्या चुनखडीतून ते निघाले, तिचे थर तिथेच आहेत, उत्तर मिशिगनच्या जमिनीत. आणि पोवळं तर जागचं हलत नाही. मग हललं काय?

[पडद्यावर: पाण्याखाली जिवंत पॉलिप, उघडमीट करणारे तंतू.]

पोवळ्याच्या एका जिवाला पॉलिप म्हणतात. जेलीफिशचा नातलग. अळी असताना तो काही दिवस, फार तर काही आठवडे पोहतो, प्रवाहाबरोबर वाहतो. मग एखाद्या टणक जागेवर बूड टेकतो. टेकलं की टेकलं. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःखाली वाटी बांधतो, वाटीत पडदे उभारतो, वर सरकतो आणि खाली आणखी एक तळ घालतो. जन्मभर हेच काम. मऊ शरीर मेल्यावर कुजून जातं, पण बांधकाम राहतं. ज्या पाण्यात ते झालं त्या पाण्याचा हिशेबही त्यात राहतो: किती ऊन होतं, किती खोली होती, गाळ किती येत होता.

आज प्रवाळभित्ती बांधणारी पोवळी साधारणपणे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आत राहतात. पाणी १८ अंश सेल्सियसच्या खाली फार काळ गेलेलं त्यांना चालत नाही. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल असतं, ते उन्हात साखर बनवतं आणि यजमानाला पोसतं. म्हणून यांना उथळ आणि स्वच्छ पाणी लागतं. गढूळ झालं की उपासमार.

मिशिगनच्या चुनखडीत अशा पोवळ्यांच्या वसाहती गच्च भरलेल्या आहेत. त्याहून थोडे जुने थर खाली गेले की जाड मीठ लागतं. डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाणच आहे. एवढं मीठ साठायला समुद्राचं पाणी आटवणारं कडक, कोरडं ऊन हवं. शिवाय त्या काळच्या खडकांमधल्या चुंबकी कणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तेव्हाची दिशा धरून ठेवलेली असते, तिच्यावरून अक्षांश काढता येतो. पोवळं, मीठ आणि चुंबकी कण, तिघं एकच सांगतात: हा भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला, उबदार उथळ समुद्राखाली होता. पोवळं बसल्या जागीच राहिलं. खंड त्याला घेऊन उत्तरेला आला.

[पडद्यावर: काळ्या दगडाचे सडपातळ खांब, त्यावर पांढऱ्या आकृती.]

इंग्लंडच्या डरहॅम कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातला एक भाग आहे, त्याचे खांब काळ्या चकचकीत दगडाचे आहेत. त्याला फ्रॉस्टर्ली संगमरवर म्हणतात. नाव संगमरवर, पण आहे चुनखडीच. काळ्यावर पांढऱ्या, बोटाएवढ्या आकृत्या दिसतात. कुठे लांबट शिंग, कुठे गोल चकती. एकच पोवळं उभं कापलं की शिंग दिसतं, आडवं कापलं की चकती. बत्तीस-तेहेतीस कोटी वर्षांपूर्वीची ही पोवळी, आणि ब्रिटन तेव्हा विषुववृत्ताजवळ होतं.

इथे जरा थांबायला हवं. पोवळं सापडलं म्हणजे उष्ण, उथळ समुद्र, हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्याची सवयच होते. ते अर्धवट खरं आहे. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यापलीकडे, रोस्ट बेटांजवळ, २००२ साली ३० किलोमीटरहून लांब प्रवाळभित्ती सापडली. खोली ३०० ते ४०० मीटर, पाणी थंडगार, उजेड नाही. तिथल्या पोवळ्यांना शैवालाची गरजच नाही, वाहत्या पाण्यातून येणाऱ्या भक्ष्यावर ती जगतात. उद्या तिचा दगड झाला आणि कुणी घाईघाईनं नकाशावर विषुववृत्त काढलं, तर ते नॉर्वेतून जाईल.

डरहॅमच्या खांबातली शिंगाकृती पोवळीही एकेकटी राहणारी. नुसत्या त्यांच्या भरवशावर ब्रिटनला विषुववृत्तावर नेऊन बसवता येत नाही. शेजारीपाजारी कोण आहे ते बघावं लागतं. उन्हावर जगणाऱ्या शैवालांचे अवशेष त्याच थरात आहेत का? वसाहती आहेत का? पोवळं वाढलं त्याच स्थितीत उभं आहे, की वादळानं मोडून दुसरीकडे फेकलेला तुकडा आहे? पोवळं स्वतः हलत नाही, पण मेल्यावर त्याला लाटा हलवतात.

पोवळ्याच्या पेशींतलं ते सूक्ष्म शैवाल तर दगडात टिकत नाही. मग कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्याच्या पोटात ते होतं की नव्हतं, हे कळणार कसं? सांगाडा बांधताना त्यात सेंद्रिय द्रव्याचा अंश अडकतो. त्यातल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण शैवाल पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या पोवळ्यांत वेगळं येतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनी आणि पश्चिम सहारातली, सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीची पोवळी अशी तपासली गेली. वसाहती करणाऱ्या काही प्रकारांत शैवालाची खूण सापडली. एकट्या शिंगाकृती पोवळ्यांत सापडली नाही.

पण या एकट्या शिंगांमध्ये एक गंमत असते. पुष्कळशी वाकडी असतात. हातात घेतलं तर शिंग सरळ जाता जाता अचानक वळलेलं दिसतं, कधी दोनदा, तीनदा. ही मंडळी मऊ चिखलात टोक रुतवून उभी असायची. प्रवाहानं पाडलं की आडवी व्हायची, आणि जगली तर तोंड पुन्हा वर वळवून वाढायला लागायची. प्रत्येक वळण म्हणजे एकदा पडणं. समुद्रतळ किती शांत होता, किती नव्हता, ते या वाकड्या शिंगांवरून थेट वाचता येतं.

[पडद्यावर: ऑस्ट्रेलिया. कोरडं माळरान, त्यात चुनखडीचा उभा कडा.]

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात, विंजाना घळीत, नदीनं डेव्होनियन काळातली, म्हणजे सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातली, एक आख्खी भित्ती मधून चिरलेली आहे. एका बाजूला आडवे थर, तो भित्तीमागचा शांत लगून, म्हणजे उथळ पाण्याचा तलाव. मध्ये थर नसलेला सलग खडक, ती खुद्द भित्ती. पुढे उतरते थर, तो खोल समुद्राकडे घसरणारा मलबा. समुद्राचं पाणी तेवढं नाही, बाकी सगळं जिथल्या तिथे. इथली मुख्य बांधकामं मात्र पोवळ्यांनी केलेली नाहीत. स्पंजांच्या जातीचे स्ट्रोमॅटोपोरॉइड आणि सूक्ष्मजीव यांनी ती केली, पोवळी जोडीला होती. त्या काळातली अशी भित्तींची दुनिया सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी कोसळली. पुढे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या शेवटी, ती जुनी पोवळी सगळीच्या सगळी संपली. आजच्या पोवळ्यांचा वंश त्यानंतरचा, ट्रायासिक कालखंडातला आहे.

खंड आडवे सरकले, ते झालं. आता वर-खाली.

[पडद्यावर: विमानातून दिसणारं कंकणद्वीप.]

भर समुद्रात, जिथे तळ काही किलोमीटर खोल आहे, तिथे उथळ पाण्यातल्या पोवळ्यांची ही गोल कडी कशी उभी राहिली? १८४२ साली चार्ल्स डार्विननं उत्तर दिलं. आधी ज्वालामुखीचं बेट होतं, त्याच्या कडेनं भित्ती वाढली, बेट हळूहळू बुडत गेलं आणि भित्ती उजेड सोडायला तयार नसल्यानं वर वाढत राहिली. बेट गेलं, कडं उरलं. तर्क झकास होता, पण पुरावा खाली गाडलेला. १८९०च्या दशकात पॅसिफिक महासागरातल्या फुनाफुटी या कंकणद्वीपावर भोक पाडलं गेलं. ३४० मीटर खाली गेले, तरी पोवळ्याचीच चुनखडी, तळ लागेना.

तळ लागला तो १९५२ साली पॅसिफिकमधल्याच एनेवेटाक या कंकणद्वीपावर, आणि निमित्त फारसं शोभणारं नव्हतं: हे बेट अमेरिकेनं अणुस्फोटांच्या चाचण्यांसाठी घेतलं होतं. जवळजवळ १४०० मीटरवर ड्रिलला बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा काळा दगड, लागला. त्याच्यावर सगळी उथळ पाण्यातली चुनखडी, तळाशी सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची. हिशेब करून बघा: दर लाख वर्षांत तीन मीटरपेक्षाही कमी बुडणं. इतकं संथ बुडणाऱ्या जमिनीशी पोवळ्यांनी पाच कोटी वर्षं बरोबरी राखली.

समुद्र स्वतः चढतो-उतरतो, त्याची मोजणी बार्बाडोसच्या किनाऱ्यावर झाली. अ‍ॅक्रोपोरा पामाटा हे सांबरशिंगासारख्या रुंद फांद्यांचं पोवळं लाटा फुटतात त्या जागी, पृष्ठभागाखाली अवघ्या काही मीटरांत वाढतं. म्हणजे ते जिथे सापडेल, तिथे त्याच्या हयातीत समुद्राची पातळी होती असं समजायला हरकत नाही. १९८९ साली रिचर्ड फेअरबँक्स यांनी समुद्रतळात ड्रिल करून काढलेल्या नमुन्यांचा अहवाल दिला. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातली पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती.

आणि तारीख? समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून नव्या सांगाड्यात युरेनियम असतं आणि थोरियमची पाटी कोरी. पुढे युरेनियमचं थोरियम होत जातं, ठरलेल्या वेगानं. हे घड्याळ साधारण पाच लाख वर्षांपर्यंत चालतं. बार्बाडोसच्या पोवळ्यांवर ते लावल्यावर रेडिओकार्बनचीच, म्हणजे किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीचीच, चूक उघडी पडली: सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या नमुन्यांची वयं त्यानं तीनेक हजार वर्षांनी कमी सांगितली होती. अट एकच, सांगाडा मूळचा हवा. पोवळ्याचा अ‍ॅरागोनाइट गोड्या पाण्यात भिजून कॅल्साइट, म्हणजे त्याच चुन्याचं दुसरं खनिज, झाला की युरेनियम आत-बाहेर करतं आणि घड्याळ बिघडतं. म्हणून आधी क्ष-किरणांनी खनिज तपासतात. पुष्कळ नमुने इथेच बाद होतात.

भूमध्य समुद्राच्या काठीही, मायोर्कात आणि आग्नेय स्पेनमध्ये, साठ लाख वर्षांपूर्वीच्या, पोराइटिस नावाच्या पोवळ्याच्या भित्ती उभ्या आहेत. आज त्या समुद्रात उष्ण पाण्यातली एकही प्रवाळभित्ती नाही.

[पडद्यावर: भिंगाखाली शिंगाकृती पोवळ्याची बाहेरची साल, आडव्या रेघा.]

आता सगळ्यात चकित करणारा हिशेब. १९६३ साली जॉन वेल्स यांनी पोवळ्यांवरच्या या रेघा मोजल्या. जाड वळ्या वर्षाच्या, बारीक रेघा दिवसाच्या, असा त्यांचा अंदाज. वेस्ट इंडीजमधल्या एका जिवंत जातीवर एका वर्षात सुमारे ३६० रेघा मिळाल्या, म्हणजे अंदाज बरा होता. डेव्होनियन पोवळ्यांवर मिळाल्या ३८५ ते ४१०, सरासरी ४००.

वर्षाची लांबी तर तीच. सूर्याभोवतीच्या फेरीला तेव्हाही तेवढेच तास लागत होते. मग दिवसच आखूड असला पाहिजे, सुमारे २२ तासांचा. चंद्रामुळे येणारी भरती-ओहोटी पृथ्वीच्या फिरण्याला ब्रेक लावते, हे खगोलशास्त्र आधीपासून सांगत होतं. त्या बदल्यात चंद्र दूर जातो. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून मोजलं, तर आज वर्षाला ३.८ सेंटिमीटर. या रेघा मोजणं सोपं काम नव्हे. साल झिजलेली असते, कुठे दोन रेघा एक झालेल्या, आणि दोन माणसांची मोजणी जुळेलच असं नाही. तरी आकडा ४००च्या आसपासच रेंगाळतो.

[पडद्यावर: सुमात्राच्या पश्चिमेची बेटं. ओहोटी.]

ही मोजणी फक्त जुन्या दगडांची नाही. सुमात्राजवळच्या उथळ पाण्यात पोराइटिसच्या गोल वसाहती आहेत, माथा सपाट, टोपीसारख्या. सर्वात मोठ्या ओहोटीला जेवढा भाग उघडा पडतो तेवढा मरतो, कडेचा वाढत राहतो. म्हणून माथ्याची उंची म्हणजे त्या वर्षीच्या ओहोटीची खूण. तिथल्याच मेंतावाई बेटांवरच्या अशा वसाहती कापून १७९७ आणि १८३३ साली झालेल्या मोठ्या भूकंपांत जमीन किती उचलली गेली, ते काढता आलं.

२००५ साली सुमात्राजवळच्याच नियास बेटाचा किनारा भूकंपात एका झटक्यात वर आला, कुठे कुठे तीन मीटरांच्या आसपास. आदल्या दिवशी पाण्याखाली असलेल्या भित्तीवरून माणसं चालत जाऊ लागली. वर आलेली पोवळी उन्हात पांढरी पडली. जिथे जमीन थोडीच उचलली गेली, तिथे मेलेल्या माथ्यांच्या खालच्या कडेला पाणी लागत होतं. त्या कडेचे पॉलिप जिवंत राहिले, आणि तिथून पुन्हा वाढायला लागले.