गादीवाफ्यात माती कोणती भरायची?

(भेगाळलेली जमीन, भेगेत उभी घातलेली फूटपट्टी)

एप्रिल महिना. पुण्याच्या परिसरातली काळी माती. पट्टी सहज सहा इंच आत जाते. जूनमध्ये ही भेग दिसणारही नाही, कारण या मातीतला चिकण कण पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. ओढाताणीत बारीक मुळं तुटतात.

सोसायटीच्या आवारात आणखी एक अडचण असते. वरची माती बांधकामातच गेलेली, उरलेल्या जागेत मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा. म्हणून गादीवाफा, म्हणजे जमिनीच्या वर माती भरून केलेला उंच वाफा. हा ८ फूट लांब, ४ फूट रुंद, १ फूट उंच. म्हणजे ३२ घनफूट; १४ लिटरच्या घमेल्यानं मोजली तर ६४ घमेली.

(नर्सरीबाहेर रचलेली पोती)

‘लाल माती’ म्हणून काहीही मिळतं. कधी कोकणातल्या जांभ्याची आंबट माती, कधी नदीकाठचा पोयटा म्हणजे गाळाची माती, कधी नुसता चाळलेला मुरूम. रंग सारखाच. तेव्हा रंगावर जाऊ नका, बरणी घ्या.

(तीन काचेच्या बरण्या, जवळून)

सरळ उभी बरणी, एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर भांड्यांची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. पहिल्या मिनिटात खाली बसते ती वाळू. इथं खूण करा. दोन तासांत त्यावर गाळ बसतो, दुसरी खूण. राहिलेलं गढूळ पाणी म्हणजे चिकणमाती. ती बसायला एक-दोन दिवस लागतात. डावीकडची बरणी पाहा: दहा सेंटिमीटरच्या थरात सहा सेंटिमीटर चिकण. ही काळी माती. थर फुगलेला असल्यानं आकडा जरा जास्तच दिसतो, पण अंदाज येतो. मधली पोयट्याची: वाळू चार, गाळ चार, चिकण दोन. हीच हवी. उजवीकडच्या बरणीत सगळं एका मिनिटात तळाला. तो मुरूम आहे, मातीच्या भावानं विकलेला.

काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होते, असं सर्रास सांगतात. होत नाही. वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमाती भरून काढते आणि वाळल्यावर वीट तयार होते. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागेल. त्यापेक्षा भाताचं तूस घाला.

(मोगरीनं ढेकळं फोडताना)

तरी काळी माती टाकायची नाही. पाणी आणि खत धरून ठेवायची तिची ताकद पोयट्यात नाही. फक्त ती कोरडी असतानाच वाटाण्याएवढी फोडायची. ओली मिसळली तर तिचे गोळे वर्षभर तसेच राहतात.

प्रमाण असं: पोयटा २६ घमेली, काळी ६, पानांचं खत २०, गांडूळखत ६, तूस ६.

(जाळीच्या पिंजऱ्यात पानांचा ढीग, त्यातून निघणारी वाफ)

यातली २० घमेली विकत आणायची नाहीत. ती फाटकापाशीच पडलेली असतात. शिरीष, वड, पिंपळ, बहावा. पानं तुडवून किंवा यंत्रातून बारीक करायची, तीन फूट रुंद जाळीत भरायची, दर वीतभर थरावर शेणकाला शिंपडायचा. मुठीत दाबल्यावर बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा, इतकीच ओल. ढीग आतून हाताला चटका लागेल इतका तापतो. पंधरा दिवसांनी उलटायचा, पुन्हा ओल द्यायची. चार-पाच महिन्यांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत. आंब्या-फणसाची पानं चिवट, त्यांना वेगळा ढीग करा. कच्ची पानं किंवा लाकडाचा भुसा मात्र मातीत कालवू नका. कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेतात आणि मेथी पिवळी पडते.

(कडेला पेटवलेला पाचोळा)

इकडे वाफ्यासाठी पोती विकत आणायची आणि तिकडे हे.

पोयटा ज्या शेतातून उपसून येतो, तिथली वरची सुपीक माती गेलेली असते.

(ओल्या मातीतून वर आलेले कोंब)

पोतं वाफ्यात रिकामं करण्याआधी त्यातली दोन घमेली माती दहा दिवस ओली ठेवून बघा. हे टोकदार कोंब लव्हाळ्याचे. उपटला तर गाठ खालीच राहते. अशी माती परत पाठवा. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं, तर चुना आहे. मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचंच लक्षण. आणि गांडूळखताऐवजी शेणखत वापरणार असाल तर पूर्ण कुजलेलंच. अर्धवट कुजलेलं शेणखत म्हणजे हुमणीला, मुळं खाणाऱ्या अळीला, आवतण.

(कुदळीनं तळ मोकळा करताना)

वाफ्याचा तळ सहा इंच खणून मोकळा करायचा. प्लास्टिक नको, खडीचा थरही नको. बारीक माती पूर्ण भिजेपर्यंत खालच्या खडीत पाणी सोडत नाही, त्यामुळे निचरा सुधारण्याऐवजी ओल मुळांपाशीच अडकते.

हा वाफा जमिनीवरच. फूटभर ओली माती चौरस मीटरला अर्धा टन भरते आणि वावरायच्या गच्चीवर तेवढ्याच जागेत साधारण दीडशे किलो भाराचा हिशेब धरलेला असतो.

(वाफ्यावर झारीनं पाणी)

भरून झाल्यावर दोनदा भिजवा आणि वाफसा येऊ द्या: मूठ वळली तर गोळा व्हावा, बोटानं टोचला तर फुटावा. पहिल्या पावसाळ्यात वाफा दोन इंच खाली बसेल. तेवढं पानांचं खत बाजूला ठेवलेलं असू द्या.