सुट्टी संपल्यावर काय?

(रत्नागिरीत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरचं कुणी ना कुणी मुंबई-पुण्याला नोकरीत आहे. कामानं पार पिचून गेलेलं ते माणूस गावी आलं, की आपण म्हणतो, ‘चार दिवस समुद्राची हवा खा, बरं वाटेल.’ बरं वाटतंही. पण परत गेल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मला आज या पंधरा दिवसांबद्दल बोलायचंय.

माझ्या दवाखान्यात कुणी ‘बर्नआउट झालंय’, म्हणजे कामाच्या ताणानं मी पार खचलोय, असं म्हणत येत नाही. पित्त, आखडलेली मान, रात्री तीनला येणारी जाग, अशी गाऱ्हाणी असतात. एका मुलीच्या दंडाला मी बीपीचा पट्टा बांधला होता. टेबलावर उपडा ठेवलेला तिचा फोन थरथरला. पट्ट्यात हवा भरत असतानाच तिनं दुसऱ्या हातानं तो ओढला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, ‘डॉक्टर, बघू का?’ रजेवर होती ती.

अशा वेळी मी आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि साखर तपासून घेते. थकवा तिथूनही येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे, तर नोकरीशी निगडित अवस्था म्हणून. अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची तीन लक्षणं. कारण काय दिलंय? कामाच्या जागेचा, नीट न हाताळलेला, दीर्घकाळचा ताण. म्हणजे कारण ऑफिसात आणि औषध गणपतीपुळ्याला, असं कसं चालेल?

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, जाळी विणायला घेतात. बंदी सगळ्यांना असते, म्हणून खलाशी निवांत बसू शकतो. एकट्याचीच होडी वर असती, तर त्याचा जीव थाऱ्यावर राहिला असता का? नोकरदाराची रजा तशी एकट्याची असते. काम मागे साचत राहतं.

म्हणून रजेचे पहिले काही आठवडे झोप, उठण्याची ठरलेली वेळ आणि थोडं चालणं, एवढंच सांभाळा. राजीनाम्याचा निर्णय त्या दिवसांत शक्यतो नको. पण परत रुजू होण्यापूर्वी साहेबांशी बोला: कोणतं काम कमी होणार, ते कोण करणार, किती वाजल्यानंतर फोन घेणार नाही. हे लेखी घ्या. माझ्या मते सगळ्या उपचारात हेच सर्वांत महत्त्वाचं आणि हेच सर्वांत जास्त टाळलं जातं.

घरच्यांनाही विनंती आहे. ‘आम्ही काय कमी कष्ट काढले?’ असं म्हणू नका. आणि थकलेली सून गणपतीला आली, तर वीस माणसांच्या मोदकांची उकड तिच्या गळ्यात घालून तिला ‘विश्रांती’ देऊ नका.

कामाबाहेरच्या गोष्टींतलाही आनंद गेला, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मात्र थांबू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या गावात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावानं चेष्टा करणं आता सोडू या. तिथवर जाणं जड वाटलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.