काळोखातली ऊब

[दृश्य : वेताळ टेकडी, डिसेंबरातली रात्र]

थंडी आज चांगलीच बोचतेय. पूर्वेला मृग वर आलाय. त्याच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे पुण्याच्या उजेडातही ओळखता येतात. त्यांच्या जरा उजवीकडे, दक्षिणेला, साध्या दुर्बिणीतून, एक धुरकट ठिपका दिसतो. तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर.

तिथं तारे जन्माला येतायत. पण कितीतरी तारे धुळीच्या आड आहेत. त्यांचा उजेड धूळ गिळते आणि त्यानं तापते. तापते म्हणजे किती? उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास! पण तीही ऊबच. चहाच्या पेल्याजवळ गाल नेला की न शिवताही ऊब लागते ना, तशी धुळीची ही ऊब डोळ्यांना न दिसणाऱ्या दूर-अवरक्त किरणांतून आपल्याकडे येते.

आणि आपल्या हवेतली वाफ ते किरण वाटेतच अडवते.

म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी १ मीटर आरशाची दुर्बीण बलूनला टांगली आणि हैदराबादहून ३० किलोमीटरच्याही वर नेली. तिथंही पेच होताच. दुर्बीण स्वतःच त्या धुळीहून कितीतरी गरम, तिचीच ऊब मोजणीत मिसळणार! मग तिच्यातला छोटा आरसा सतत हलता ठेवायचा. क्षणात मेघाकडे, क्षणात शेजारच्या रित्या आकाशाकडे. दोन्हींतला फरक तेवढा खरा धरायचा. मोजणारा संवेदक निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य त्या सर्वांत कमी तापमानाच्या, वर जेमतेम ०.३ अंशावर. असं मोजत दुर्बीण मेघावरून ओळीओळीनं फिरते आणि एकेका ओळीनं मेघाचा नकाशा विणला जातो. मला यातलं सगळ्यात थोर वाटतं ते हेच, हा धीर.

[दृश्य : नारायणगावजवळचं खोडद]

या जीएमआरटीच्या, म्हणजे रेडिओलहरी टिपणाऱ्या महाकाय दुर्बिणीच्या, ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. पत्रा नाही, दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी; वारा आरपार जातो. ही रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. धूळ रेडिओलहरींना अडवत नाही, त्यामुळे नव्या, तप्त ताऱ्यांभोवतीचा विद्युतभारित वायू इथून दिसतो, आणि बलूनच्या नकाशापेक्षा कितीतरी रेखीव.

आता दोन्ही नकाशे एकावर एक ठेवा. हा धुळीचा, हा वायूचा.

साध्या छायाचित्रात इथं नुसता काळा डाग होता. दोन्ही नकाशांत तीच जागा उजळते. तारा तिथं आहे.