गाडी एन-टूवर अडकते तेव्हा

आत्ता जे जपानी ऐकलंत ना, ते मीच बोलतोय. चार मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, विषय एकदम साधा, रविवारी सिंहगडावर गेलो होतो त्याबद्दल. कुठे अडखळत नाहीये, स्पीड पण बरा आहे. पण हेच मी एकदा शब्द न शब्द कागदावर उतरवून काढलं आणि डोक्याला हात लावला, कारण जवळजवळ प्रत्येक वाक्य 'तो ओमोइमासु'वर संपत होतं, म्हणजे 'असं मला वाटतं'. पिठलं छान होतं असं वाटतं, गर्दी होती असं वाटतं, पुढच्या वेळी लवकर निघावं असं वाटतं. अरे बाबा, गर्दी होती की नव्हती ते तरी नक्की सांग!

पुण्यात जपानी शिकणारे काही कमी नाहीत. फर्ग्युसन रोडवरचं रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, शिवाय लोकांच्या हॉलमध्ये चालणारे क्लासेस. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा. तिच्या पाच पायऱ्या, सगळ्यात सोप्या एन-फाइव्हपासून चढत चढत सगळ्यात अवघड एन-वनपर्यंत.

आणि खरं सांगू, मराठी माणसाला सुरुवातीला हा चढ वाटतच नाही. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे, आपल्यासारखंच. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, आणि 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणं. 'कात्ते ओकु', विकत घेऊन ठेवणं, 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'ताबेते शिमाउ', खाऊन टाकणं. इंग्रजीतून जपानी शिकणारे याच्यावर पानंच्या पानं नोट्स काढतात आणि आपण म्हणतो, हे तर आपलंच आहे की. त्यामुळे काय होतं, की आपल्याला सवय लागते भाषा आपोआप येण्याची.

मग एन-टू होतं, १८०पैकी ९० लागतात, पेढे वाटून होतात, जपानी क्लायंट असलेल्या कंपनीत नोकरी लागते, आणि गाडी तिथेच अडकते. दोन दोन, तीन तीन वर्षं.

माझी कशी अडकली ते सांगतो. क्लायंटबरोबर कॉल चालू होता, शेवटी समोरच्या बाई डिझाइनच्या फाइलबद्दल म्हणाल्या, 'ओकुत्ते इतादाकेरेबा तो ओमोइमासु'. सगळे शब्द ओळखीचे. पाठवणं, मिळणं, वाटतं. मी टीमला सांगून मोकळा, फाइल येतेय, थांबा. दोन दिवस आम्ही थांबलो आणि दोन दिवस ते थांबले. कारण त्या वाक्याचा अर्थ होता 'तुमच्याकडून पाठवून मिळाली तर बरं होईल'. मिळायची होती त्यांना, मी समजलो आपल्याला. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने जे ऐकवलं ते मात्र मराठीत होतं, लगेच समजलं.

यातली गंमत बघा, वाक्याच्या शेवटी तेच 'तो ओमोइमासु' आहे जे मी रोज पन्नास वेळा वापरतो. माझ्यासाठी ते फक्त 'वाटतं' होतं, त्याच्या आडून विनंती करतात हे कधी ऐकूच आलं नाही. माहीत नसलेला शब्द आला की कान टवकारतात, माहीत असलेला आला की आपण पुढे जातो. अडकायला होतं ते इथेच, असं माझं ठाम मत आहे.

हे 'अडकणं' पहिल्यांदा मोजलं गेलं ते तारखात्यात. १८९७ आणि १८९९ साली अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघा संशोधकांनी तार शिकणाऱ्यांचे आलेख काढले. तार पाठवायचा वेग बऱ्यापैकी सरळ वाढत गेला, पण ऐकून घ्यायचा वेग मध्येच सपाट झाला, तोही मेन लाइनवर, म्हणजे तारेच्या मुख्य मार्गावर, काम मिळायला जेवढा लागतो त्याच्या जरासा खाली. त्यांचं म्हणणं असं, की या काळात अक्षरं अंगवळणी पडत असतात, ती पडली की मग माणूस अख्खे शब्द आणि पुढे वाक्यांचे तुकडे ऐकायला लागतो. नंतरच्या लोकांना असा सपाट भाग दर वेळी सापडला नाही हेही खरं, त्यामुळे प्रत्येकाच्या नशिबी तो असतोच असं नाही. पण मला तो आलेख बघून फार बरं वाटलं होतं.

दुसरी अडचण म्हणजे कोणी चुका सांगतच नाही. जेएलपीटीत बोलायची परीक्षा नाही, लिहायची नाही, नुसते पर्याय निवडायचे. आणि जपानी माणूस तर तुम्ही दोन वाक्यं बोललात की 'निहोंगो जोउझु देसु ने' म्हणून मोकळा, वा, छान बोलता.

मग मी काय केलं, तर एक गप्पांचा पॉडकास्ट घेतला आणि रोज फक्त दोन मिनिटं ऐकून जसंच्या तसं लिहायला लागलो. दोन मिनिटांना पाऊण तास जायचा. आणि निसटत काय होतं? अवघड कांजी, म्हणजे ती चिनी अक्षरं असलेले शब्द, नाहीत हो, शब्दांच्या शेपट्या! 'कात्ते ओकु'चं बोलताना 'कात्तोकु' होतं, 'ताबेते शिमात्ता'चं 'ताबेचात्ता'. आपण नाही का 'करून ठेवलं आहे'चं 'करून ठेवलंय' करत, तसंच. मी इतकी वर्षं ते ऐकत नव्हतो, अंदाजाने भरून काढत होतो. मग तेच दोन मिनिटं त्यांच्या आवाजाबरोबर बोलायचं, चढउतारासकट, कारण 'हाशि' वरून खाली आलं तर चॉपस्टिक आणि खालून वर गेलं तर पूल, आणि मी चार वर्षं सगळ्यांना चॉपस्टिकवरून नदी ओलांडायला लावत होतो.

सेन्सेईंना, म्हणजे आमच्या जपानीच्या बाईंना पण सांगितलं, महिन्याला माझी एकच चूक धरा, पण सोडू नका. पहिला महिना अर्थातच 'तो ओमोइमासु'. म्हटलं की त्या हात वर करायच्या, मी वाक्य परत करायचं. फार राग यायचा.

हे परवाचं रेकॉर्डिंग. परत सिंहगड, परत चार मिनिटं. 'तो ओमोइमासु' दोनदाच आलंय. पण नीट ऐका... प्रत्येक वाक्याच्या शेवटी आता 'काना' आहे. गर्दी होती 'काना', म्हणजे गर्दी होती की काय कोण जाणे. सेन्सेईंना अजून ऐकवलेलं नाहीये.