फ्लाय लाइनची निगा: आधी धुणं, मग लेप

[दृश्य: नदीवर कास्टिंग, म्हणजे लाइन भिरकावणं. हवेत वळसा घेत उलगडणारी लाइन.]

साध्या गळाच्या मासेमारीत वजन असतं आमिषाला नाहीतर शिशाला. ते पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलट. पिसं आणि दोऱ्यांची ती कृत्रिम माशी इतकी हलकी की तिला लांब भिरकावताच येत नाही. भिरकावली जाते ती लाइन, म्हणजे दोरीच. लाइनचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो; पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन सुमारे ९ ग्रॅम. सगळी करामत त्या ९ ग्रॅमची! म्हणून मी म्हणेन, जीव लावायचाच तर रॉडपेक्षा लाइनला लावा.

[दृश्य: लाइनचा आडवा छेद, मोठा करून.]

आत नायलॉनचा विणलेला गाभा, बाहेर मऊ प्लॅस्टिकचं आवरण, बहुतेकदा पीव्हीसीचं. तरंगणाऱ्या लाइनच्या आवरणात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळलेले असतात, त्यामुळे ती पाण्यापेक्षा हलकी होते. मग हीच लाइन काही काळाने टोकाकडून बुडायला का लागते? गोळे तर जागच्या जागी आहेत. बिघडलेला असतो तो आवरणाचा पृष्ठभाग. शेवाळ, बारीक गाळ, हाताचं तेल, सनस्क्रीन यांचा पातळ थर त्यावर चढतो. स्वच्छ लाइन पाणी अंगाला लागू देत नाही. मळकी लाइन ते धरून ठेवते. टोक सगळ्यात बारीक आणि त्यावर तरंगवणारं आवरणही कमी, म्हणून आधी तेच खाली जातं. बुडालेलं टोक उचलायला जोर लागतो, कास्टची लय जाते. शिवाय चिकटलेला गाळ रॉडच्या कड्यांतून घासत जाताना आवरण आणि कड्या, दोन्हींची झीज करतो.

रेशमी लाइनच्या काळात निगा टाळण्याची सोयच नव्हती. जवसाच्या तेलात मुरवलेलं रेशीम, वर तरंगण्यासाठी चोळलेला ग्रीसचा लेप. दिवस संपला की लाइन रीलवरून उतरवून मोकळी वाळत घालायची, नाहीतर रेशीम कुजायचं. १९५०च्या दशकात प्लॅस्टिकच्या लाइन बाजारात आल्या आणि कुजण्याची भीती संपली. तिच्याबरोबर रोजची निगाही सुटली, याची हळहळ वाटते.

[दृश्य: पसरट भांडं, कोमट पाणी, मऊ कापड.]

कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे थोडे थेंब. बस्स. गरम पाणी नको, कडक डिटर्जंट नको. आवरण लवचीक ठेवणारी द्रव्यं त्यांनी निघून जातात आणि लाइन ताठर होते. रीलवरून उतरवताना मोठी, सैल वेटोळी एकावर एक पाण्यात सोडत जा. मध्येच ढवळलं की गुंता झालाच म्हणून समजा. थोडा वेळ भिजू द्या, मग ओल्या कापडाच्या चिमटीतून लाइन सावकाश ओढा. कापडावर उमटणारी ती काळी रेघ बघा! कापडाची बाजू बदलत राहा, रेघ उमटेनाशी होईपर्यंत. मग स्वच्छ पाण्यातून काढा, आणि इथे घाई करू नका. अंगावर उरलेला साबण पृष्ठताण मोडतो आणि धुतलेली लाइनही बुडते.

लेपाची पाळी आता, लाइन पूर्ण कोरडी झाल्यावर. लाइन बुडायला लागली की आधी ड्रेसिंगच्या, म्हणजे याच लेपाच्या, बाटलीकडे हात जातो. पण मळावर चढवलेलं ड्रेसिंग मळच आत कोंडतं. कापडावर थोडंसं सिलिकॉन ड्रेसिंग घ्या, पातळ हात फिरवा, मुरू द्या आणि उरलेलं कोरड्या कापडाने निपटून काढा. जाड थर चिकट राहतो, नवी धूळ ओढतो.

बुडणाऱ्या लाइनला मात्र तरंगवणारा लेप लावूच नका. तिच्या आवरणात टंगस्टनची पूड असते ती तिला खाली नेण्यासाठी. तिला फक्त धुवा.

[दृश्य: बोटांमध्ये वाकवलेली लाइन, अगदी जवळून.]

डास पळवणाऱ्या मलमात डीट असेल तर हात धुतल्याशिवाय लाइनला शिवू नका, डीट हे प्लॅस्टिक विरघळवतं. आणि लाइन हातात आहेच, तर पुढचा भाग थोडा थोडा वाकवून पाहा. आवरणाला गाभ्यापर्यंत गेलेल्या भेगा दिसल्या, तर पाणी आत शिरतं आहे. तिथे धुण्याचा आणि लेपाचा उपयोग नाही. ती लाइन बदला.